विषाणू गोठ्यात शिरतो कुठून?

गुरांना काही झालं की वाडीतून मला फोन येतो तो 'औषध सांग' म्हणून. मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते, गुरांची डॉक्टर नाही, पण माहेरी कुडाळ तालुक्यात काकांचा गोठा आहे आणि लोकांना वाटतं जंतूंचं शिकवते म्हणजे हिला माहीत असणारच. औषध मी सांगत नाही, डॉक्टरांना बोलवा म्हणते, 1962 हा टोल फ्री नंबर देते, पण एक गोष्ट मात्र हमखास विचारते, की हे आलं कुठून? नवीन जनावर आणलंय का, गोमाश्या वाढल्यात का, कुत्रं चावलं होतं का, शेजारच्या वाडीत कुणाकडे आहे का आणि तिथलं कोण तुमच्या गोठ्यात येऊन गेलंय का. समोरच्याला वाटतं ही पोलिसांसारखी चौकशी कशाला करते. पण विषाणूच्या रोगात हीच चौकशी सगळ्यात कामाची असते, कारण विषाणू एकदा आत शिरला की त्याला मारणारं औषध बहुतेक वेळा आपल्याकडे नसतंच. अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नाही, ते नंतर जखमेत होणाऱ्या बॅक्टेरियासाठी देतात. विषाणूला थांबवायचं तर तो यायच्या वाटेवरच थांबवावा लागतो, आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे, हेच मला आज जरा सविस्तर लिहायचंय.

विषाणू स्वतःहून काही करू शकत नाही. खात नाही, वाढत नाही, पेशीच्या बाहेर तो नुसता पडून राहतो. जिवंत पेशी मिळाली, आणि तीही त्याला जमणारी, तरच त्याचं काम सुरू होतं. पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्यावर निरनिराळे रेणू असतात, त्यातल्या एखाद्याला त्याला चिकटता आलं पाहिजे, मग तो आत जातो आणि पेशीचीच यंत्रणा वापरून आपल्या हजारो प्रती काढून घेतो. चिकटायला जागा मिळाली नाही तर तो आला काय आणि गेला काय, सारखंच. एकाच गोठ्यात गाय, म्हैस, बकरी, कोंबडी आणि माणूस रोज एकमेकांच्या श्वासात राहतात तरी एकाचा रोग दुसऱ्याला होईलच असं नाही, त्याचं मोठं कारण हे. त्या रेणूशिवाय बाकीही गोष्टी जुळाव्या लागतात, पण सुरुवात इथून.

आधी लम्पीचं बोलते कारण ते अजून सगळ्यांच्या आठवणीत आहे. 2022 साली राज्यभर लम्पी पसरला तेव्हा काकांचा फोन आला होता, "गो बाय, गायच्या अंगार गाठी इल्यो हत, वारो लागलो काय?" वाऱ्याने नव्हे. लम्पीचा विषाणू देवीच्या रोगाच्या विषाणूंच्या कुळातला, शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूचा अगदी जवळचा भाऊबंद. तो पहिल्यांदा 1929 साली आफ्रिकेत, आजच्या झांबियात, दिसला, आणि भारतात 2019 मध्ये ओडिशात. म्हणजे नव्वद वर्षं लागली इथवर यायला, आणि मग तीन वर्षांत देशभर. हा पसरतो मुख्यतः चावणाऱ्या किड्यांमुळे. गोठ्यात जी घरमाशीसारखीच दिसणारी पण सोंड पुढे काढून कडकडून चावणारी माशी असते ना, ती एका गाईला चावते, गाय शेपटी मारते, पाय झाडते, माशीचं पोट अर्धवट राहतं, ती उठून शेजारच्या गाईवर बसते आणि तिच्या सोंडेला लागलेला विषाणू तिथे टोचला जातो. त्या माशीच्या अंगात विषाणू वाढत नाही, ती नुसती ओली सुई आहे. डासही हे करतात, एडिस डासावरच्या प्रयोगात आजारी गाईवर पोसल्यानंतर काही दिवसांनीसुद्धा तो दुसऱ्या गाईला रोग देऊ शकला होता. गोचिडांचंही नाव आहे यात.

आत गेल्यावर विषाणू कातडीतल्या पेशींत वाढतो, जवळच्या लसिकाग्रंथींत जातो, म्हणून खांद्यापुढची, मांडीपुढची गाठ आधी सुजते, ताप चढतो, मग रक्तातून पुन्हा कातडीकडे येतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत तो शिरतो, त्या सुजतात, रक्त अडतं, आणि तेवढा कातडीचा तुकडा जागेवरच मरतो. ती गाठ. मी काकांच्या गाईच्या मानेवर बोट फिरवून बघितली आहे, सुपारीएवढी, कडक, नुसती वर चिकटलेली नव्हे तर कातडीच्या पूर्ण जाडीत बसलेली, केस उभे राहिलेले, आणि दोनेक आठवड्यांनी मधला भाग काळा पडून कडेने सुटायला लागला, खाली लाल खड्डा. तो मेलेला तुकडा, ती खपली, हीच सगळ्यात धोक्याची वस्तू, कारण विषाणू सगळ्यात जास्त तिथे भरलेला असतो आणि वाळलेल्या खपलीत तो महिनाभर टिकून राहू शकतो. गाय बरी झाली म्हणून लोक निर्धास्त होतात आणि गोठ्यातल्या कचऱ्यात खपल्या तशाच.

आता वाट कळली की काय करायचं ते आपोआप कळतं. आजारी गाय वेगळी बांधायची तर नुसतं चार हात लांब बांधून उपयोग नाही, माशी तेवढं उडते, मच्छरदाणी किंवा शेडनेट लावायची. संध्याकाळी नारळाची सोडणं आणि निरगुडीचा पाला घालून धूर करायची आपल्याकडची जी पद्धत आहे ती अगदी बरोबर आहे आणि ती सोडू नये असं माझं मत आहे. शेणाचा ढीग गोठ्याला लागून ठेवू नये, त्या माश्यांची अंडी तिथेच. लसीचंही यातच आलं. लम्पीसाठी आपल्याकडे आधी शेळीच्या देवीची लस वापरली, लोक विचारायचे शेळीची लस गाईला कशी चालेल, तर हे दोन विषाणू इतके सारखे आहेत की एकाविरुद्ध तयार झालेलं संरक्षण दुसऱ्यालाही ओळखतं. पुढे हिस्सार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी मिळून लम्पीचीच लस तयार केली, ती 2022 च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली. आणि हो, लम्पी माणसाला होत नाही. त्या वेळी कित्येकांनी दूध ओतून दिलं, फार वाईट वाटलं मला, उकळून प्यायला काही हरकत नव्हती.

कोंबड्यांकडे वळते. मानमोडी, म्हणजे राणीखेत. 1920 च्या दशकात हा रोग इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला, इंडोनेशियात जावा बेटावर आणि आपल्याकडे राणीखेतला असा थोड्याफार फरकाने दिसला म्हणून त्याला राणीखेत आणि न्यूकॅसल अशी दोन नावं. पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा थंडीत एखाद्या वाडीतल्या गावठी कोंबड्या आठवडाभरात झाडून मरतात, हिरवट पातळ हगवण, मान पिरगळलेली, एक पाय ताठ. मजा अशी की याच विषाणूचे काही प्रकार कोंबडीला शिंकेपलीकडे काही करत नाहीत, आणि काही प्रकार सगळा खुराडा रिकामा करतात. विषाणू तोच, पेशीला चिकटायची जागा तीच, मग फरक कशात? फरक एका प्रथिनाच्या चिमुकल्या भागात आहे. या विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं ते मधे कापलं गेल्याशिवाय विषाणू पेशीत शिरूच शकत नाही, आणि ते कापायची कात्री त्याच्याकडे नसते, ती कोंबडीच्या शरीरातली वापरावी लागते. सौम्य प्रकाराला जी कात्री लागते ती फक्त श्वासनलिकेत आणि आतड्यात मिळते, म्हणून तो तिथेच अडकतो. मारक प्रकाराच्या त्या भागात चार-पाच अमिनो आम्लं अशी बदललेली असतात की शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असणारी कात्री त्याला चालते, मग तो काळजात, मेंदूत, प्लीहेत, वाट्टेल तिथे वाढतो. मान पिरगळते ती मेंदूत पोचल्यामुळे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तोच परिच्छेद परत परत वाचत होते, एवढ्याशा बदलावर एवढं मरण अवलंबून असावं!

लसोटा ही जी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकायची लस आहे ती त्या सौम्य प्रकारांपैकीच आहे, जिवंत विषाणू, पण घशापलीकडे फारसं काही न करणारा, आणि तेवढ्यानेच शरीराला ओळख पटते. पिल्लाला पहिल्या आठवड्यात एक थेंब. गावठी कोंबड्यांना हे कोण करत बसणार असं म्हणतात लोक, पण एका कोंबडीची आजची किंमत बघा आणि मग ठरवा. आणि मेलेली कोंबडी व्हाळात टाकू नका हो, हात जोडून सांगते, खालच्या वाडीतल्या कोंबड्या तेच पाणी पितात. खड्डा काढा, चुना घाला, पुरा.

बर्ड फ्लूचीही कात्रीची गोष्ट अशीच आहे. 2021 च्या जानेवारीत आपल्या दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांमध्ये तो सापडला होता. पण मला सगळ्यात जास्त धक्का दिला तो 2024 मध्ये, अमेरिकेत टेक्सास आणि कॅन्ससमध्ये दुभत्या गाईंना बर्ड फ्लू झाला तेव्हा. पक्ष्यांचा विषाणू गाईला? आणि तोही फुप्फुसात नाही, कासेत! गाईच्या कासेतल्या पेशींवर तेच साखरेचे रेणू निघाले ज्यांना हा विषाणू पक्ष्यांमध्ये चिकटतो. दूध घट्ट, पिवळसर यायला लागलं, आणि एका गाईकडून दुसरीकडे तो मुख्यतः दूध काढायच्या मशीनमधून गेला, एकीच्या सडाचं पात्र धुतल्याशिवाय दुसरीला लावलं की झालं. तिथल्या गोठ्यातल्या मांजरांनी कच्चं दूध प्यायलं आणि ती मेली. आपल्याकडे दोन गाई असतात आणि हाताने धार काढतात हे खरं, पण हातही तेच काम करतो. प्रत्येक गाईनंतर हात धुवायची सवय असावी असं मी आईला सांगते तर ती म्हणते आम्ही धुतोच.

पिसाळलेलं कुत्रं चावलं तर रेबीज माणसाला होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण गाईबैलांना होतो हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, आणि ह्यात जीव जातो म्हणून लिहिते. आमच्या वाडीत एका गाईने अचानक खाणं सोडलं, तोंडातून लाळेची तार लागलेली, गिळता येईना, आवाज घोगरा, मधेच हंबरायची ते फाटल्यासारखं. काकांचे शेजारी म्हणाले, "घशात कायतरी अडाकला दिसता, हात घालून बघूया काय?" आंब्याची बाठ अडकते कधीकधी, त्यामुळे त्यांचंही चूक नव्हतं. नशीब की डॉक्टर वेळेत पोचले आणि ते लांबूनच ओरडले, हात घालू नका. त्यांनी आधी विचारलं कुत्रं चावलं होतं का, तेव्हा घरातल्या मुलाला आठवलं की महिन्या-दीड महिन्यापूर्वी रानातून गाय येताना तिच्या मागच्या पायाला चावा होता. गाय पुढे चार दिवसांत गेली.

तो दीड महिना विषाणू कुठे होता? पायात. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागी स्नायूत थोडा वाढतो, मग तिथल्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि त्या तंतूच्या आतूनच मेंदूकडे चढत जातो. रक्तात तो येत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून शरीराच्या संरक्षणाला त्याचा पत्ताच लागत नाही, रक्त तपासूनही काही दिसत नाही. चावा मेंदूपासून जितका लांब तितका वेळ हाताशी जास्त. मेंदूत पोचला की तिथून तो परत तंतूंतूनच लाळग्रंथीत उतरतो, गिळायच्या स्नायूंना लकवा मारतो, म्हणून लाळ गळते, आणि ती सगळी लाळ विषाणूने भरलेली. त्याच लाळेत माणूस कोपरापर्यंत हात घालतो! गुराला कुत्रं चावलं तर लगेच साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं जखम धुवा, या विषाणूचं बाहेरचं कवच चरबीचं असतं, साबणाने ते विरघळतं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून लसीचा पहिला डोस. गुरांनाही चावल्यानंतरची लस असते. लक्षणं दिसल्यावर मात्र काही करता येत नाही, गुराचंही आणि माणसाचंही, आणि ज्यांच्या हाताला लाळ लागली त्यांनी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घ्यायलाच हवीत.

दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या लोकांना माकडताप सांगायला नको. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात हा विषाणू सापडला, 2016 पासून आपल्या सिंधुदुर्गात आहे. याच्यात गुरांचा भाग चमत्कारिक आहे. गाय स्वतः आजारी पडत नाही, तिच्या अंगात हा विषाणू फारसा वाढतही नाही, पण रानातल्या मोठ्या झालेल्या गोचिडी रक्त प्यायला तिच्यावर चढतात, टम्म फुगून खाली पडतात आणि हजारोंनी अंडी घालतात. म्हणजे गाय विषाणूला नाही, गोचिडीला पोसते. गोचिडीची बारीक पिल्लं, तीळ म्हणाल इतकी, ती माकडाला आणि माणसाला चावतात. माकड मरून पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा दिवसेंदिवस धोक्याची होऊन राहते. थंडी संपताना ते पावसाआधीपर्यंत ह्या पिल्लांचा जोर, आणि नेमका तेव्हाच काजूचा हंगाम, बाया पहाटेपासून पाल्यात बसून बिया गोळा करतात. त्यामुळे मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवा, काजूत जाताना अंग झाका, अंगाला लावायचं औषध मिळतं ते लावा, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ. रानात जाणाऱ्या गुरांना गोचिडीचं औषध डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी लावणं हे गुरांपेक्षा आपल्यासाठी आहे.

खाडीच्या कडेला कोळंबीचे तलाव ज्यांचे आहेत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आपल्या देशात 1994 पासून आहे, तो कुर्ल्यांमध्येही, म्हणजे खेकड्यांमध्येही, राहतो आणि मेलेली कोळंबी दुसरीने खाल्ली की पोटातून शिरतो, म्हणून तलावाभोवती कुर्ल्यांसाठी जाळी आणि मेलेली कोळंबी लगेच काढणं. कोळंबीच्या अंगात आपल्यासारखी अँटिबॉडी तयारच होत नाही, त्यामुळे गुरासारखी लस तिला देता येत नाही, विषाणूसाठी पीसीआर तपासणी करून घेतलेलं बीज हाच खरा आधार.

आणि आता लाळ्या खुरकूत, ज्याच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले. 1898 मध्ये जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश या दोघांनी आजारी गुराच्या फोडातलं पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की एकही बॅक्टेरिया पलीकडे जाऊ नये, आणि तरी त्या गाळलेल्या पाण्याने वासरं आजारी पडली. प्राण्यांना होणारा पहिला विषाणू माणसाला कळला तो हा, खुरकुताचा. सव्वाशे वर्षं झाली, अजून तो आपल्या गोठ्यात आहे.

हा श्वासातून शिरतो, फार थोडे कण पुरतात. घशाच्या वरच्या, नाकामागच्या भागातल्या पेशींवर एक रेणू असतो त्याला धरून आत जातो, तिथे वाढतो, दोन-चार दिवसांत रक्तात येतो आणि मग जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यात, सडांवर फोड. फोड दिसायच्या आधीच दुधात आणि श्वासात विषाणू यायला लागलेला असतो, हे नीट लक्षात घ्या, जनावर आजारी 'दिसेपर्यंत' शेजारच्याला झालेलंच असतं. हवा दमट असली, साठ टक्क्यांच्या वर, की हवेतले कण जास्त वेळ टिकतात, आणि आपल्याकडे कोरडी हवा असते कधी? माणसाच्या कपड्यांना, चपलांना, गाडीच्या चाकाला लागून तो फिरतो, नांगरणीला उसना दिलेला बैल तर थेट घेऊनच जातो. मोठी गुरं बहुतेक वाचतात, पण कोवळ्या वासरांच्या काळजाच्या स्नायूत हा शिरतो, तोंडात फोडही न येता वासरू आचळाला लागलेलं असताना कोसळतं. बरी झालेली गाय किंवा म्हैस घशात तो विषाणू महिनोन्महिने, कधी वर्षांहून जास्त बाळगते. एक कमकुवत बाजू आहे त्याची, आम्ल किंवा अल्कली त्याला सोसत नाही, म्हणून धुण्याचा सोडा एका लिटरला 40 ग्रॅम या मापाने पाण्यात कालवून गोठ्याची जमीन, भांडी, चपला धुवायच्या. स्वस्तातलं आहे आणि चालतं.

लोक विचारतात दर सहा महिन्यांनी कशाला टोचायचं, एकदा टोचलं ना. याचे जगात सात प्रकार आहेत, एकाची लस दुसऱ्याला चालत नाही, आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-1 हे तीन फिरतात आणि लसीत तिन्ही घातलेले असतात. पण ही मेलेल्या विषाणूची लस, तिचा जोर काही महिन्यांत उतरतो, आणि विषाणू प्रती काढताना इतक्या चुका करतो की त्याचं रूप सतत बदलत राहतं. 2019 पासून केंद्राचा कार्यक्रम आहे, कानात 12 आकडी बिल्ला, लस फुकट, डॉक्टर वाडीत येतात. आणि आपली गुरं कुठे? भात कापलं की सोडलेली, सड्यावर म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, रस्त्यावर, कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत. भाकड गाय आणि कामाचा नसलेला बैल तर वर्षभर कुणी बघत नाही, आणि लस चुकते ती नेमकी यांचीच, विषाणूला राहायला तेवढं पुरतं.

आमच्या वाडीने यंदा ठरवलंय, लस असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी पोरांनी सड्यावर जाऊन सगळी गुरं खाली आणायची, मालक माहीत असो नसो, आणि देवळामागच्या मोकळ्या जागेत दावी लावून बांधायची. गेल्या खेपेला दोन बैल सापडलेच नव्हते, ते नंतर एकाच्या आंब्याच्या कलमांत मिळाले तेव्हा काकांनी टेम्पो करून दवाखान्यात नेऊन टोचून आणले, भाडं वाडीने वाटून घेतलं.